दाजीसाहेबांचं चालणं

दाजीसाहेबांना मिशा लावायचं काम तेजल मगदूमकडे होतं आणि त्यांना चालवायचं काम माझ्याकडे. दाजीसाहेब सरनोबत वारल्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती, त्यामुळे दोन्ही कामांना त्यांची हरकत नव्हती.

"डावी मिशी वर गेलीय," तेजलच्या पडद्यात डोकावून मी म्हणालो.

"फोटोत तशीच आहे."

"फोटोत ते हसले असतील."

"सव्वीस फोटो बघितलेत मी, लाटकर. हा माणूस एकाही फोटोत हसलेला नाही. मिशीच हसते."

ती मान न वळवता बोलायची. तिच्या पडद्यावर दाजीसाहेबांचं डोकं गोल गोल फिरत होतं, मसाल्याच्या डब्याच्या झाकणासारखं.

हे कोल्हापुरातलं, २००४ सालचं. शाहूपुरीत स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, गगनभेदी अ‍ॅनिमेशन अकॅडमी होती. दुसऱ्या मजल्यावर गगनभेदी प्रॉडक्शन हाऊस. मध्ये एकोणीस पायऱ्या. माहितीपत्रकावर 'शिक्षणातून थेट इंडस्ट्रीत' असं छापलं होतं आणि ते शब्दशः खरं होतं. चौदा महिन्यांचा डिप्लोमा संपल्यावर मी त्या एकोणीस पायऱ्या चढलो आणि इंडस्ट्रीत आलो. आमची बत्तीस जणांची बॅच. त्यातले तेजल आणि मी, असे दोघंच वर गेलो. बाकीचे तीस जणही इंडस्ट्रीतच आहेत असं दोन्ही मजल्यांचे मालक चौगुले सर नव्या मुलांच्या पालकांना सांगायचे. कुठल्या इंडस्ट्रीत, ते पालकांनी कधी विचारलं नाही.

चौदा महिन्यांत आम्ही काय शिकलो? पहिले चार महिने चेंडू उडवला. पुढचे चार महिने तोच चेंडू पायऱ्यांवरून उडवला. मग चेंडूला शेपूट लावली. आम्हाला शिकवणारा मुलगा आमच्या आधीच्या बॅचचा होता, आणि त्याचा स्वतःचा चेंडू अजून नीट पडत नव्हता. माझे वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. ते अधूनमधून विचारायचे, "चेंडू कुठवर आला?" त्यात टोमणा होता की चौकशी, हे मला आजवर कळलेलं नाही.

चौगुले सर मूळचे लग्नाच्या शूटिंगमधले. वधूवरांच्या तोंडाभोवती फिरणारं लाल बदाम जिल्ह्यात पहिल्यांदा त्यांनी आणलं, असं ते स्वतः सांगत. संगणकाला ते मशीन म्हणत आणि त्याला हात लावायच्या आधी माऊस पुसून घेत. त्यांनी आम्हा दोघांना तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं.

"खुर्ची एकच आहे," ते म्हणाले होते. "दाजीसाहेबांची फिल्म झाली की दोघांतला एक पर्मनंट. दुसऱ्याला शुभेच्छा."

फिल्म म्हणजे तालुका दूध संघाच्या सुवर्णमहोत्सवाची. संस्थापक दाजीसाहेब स्वतः परत येतात, संघाच्या फाटकातून चालत आत शिरतात, गोठा बघतात, शीतकरण केंद्र बघतात, आणि नव्या पावडर प्लँटसमोर आपले चिरंजीव, चेअरमन मानसिंगराव यांच्या डोक्यावर हात ठेवतात. संघाची निवडणूक त्यानंतर दोनच महिन्यांनी होती, हा योगायोग.

मी बावीस वर्षांचा होतो आणि चेंडूच्या पलीकडे मला पहिल्यांदाच माणूस मिळाला होता. म्हणून मी सरांना विचारलं, "दाजीसाहेब चालायचे कसे?"

"कसे म्हणजे? पायांनी."

"प्रत्येकाची चाल वेगळी असते ना, सर."

"लाटकर, ते आमदारकीला उभे होते, फॅशन शोला नव्हे. डावा, उजवा, डावा, उजवा. ठेव."

पण मी ठेवलं नाही. दाजीसाहेबांचं हलतं चित्रण म्हणजे पुतणीच्या लग्नाची एक कॅसेट, आणि त्यात ते तीन तास कोचावर बसून होते. मग एका रविवारी मी एस.टी. पकडली आणि त्यांच्या गावी, बंगल्यावर गेलो. मानसिंगराव मीटिंगमध्ये होते. दिवाणखान्यात दाजीसाहेबांच्या पत्नी होत्या, सगळा तालुका ज्यांना आईसाहेब म्हणायचा त्या. पंचाहत्तरीच्या, बारीक चणीच्या, कपाळावर फक्त गोंदण. समोर भिंतभर फोटो.

"कुणाचं पोरगं तुम्ही?"

मी सांगितलं. मग कशासाठी आलोय तेही सांगितलं. संगणक, फिल्म, सुवर्णमहोत्सव. त्या ऐकून घेत होत्या, पण आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही योजनेबद्दल ऐकतात तसं. मी म्हणालो, "साहेब चालायचे कसे, ते कुणी सांगेल का?" तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"चालायचे कसे?"

"हो."

"हे अजून कुणी इचारलं न्हाई बघा."

त्या उठल्या. पदर कमरेला खोचला. आणि त्या पंचाहत्तर वर्षांच्या बाईनं कोचापासून टीव्हीपर्यंत आपला नवरा मला चालून दाखवला.

उजवा खांदा खाली. उजवा हात ताठ, बोटं मिटलेली. डावा हात अंगापासून लांब, वल्ह्यासारखा. उजवं पाऊल धपकन पडायचं आणि डावं त्याच्या मागून जपून यायचं. टीव्हीपाशी पोचल्यावर वळताना त्यांनी आधी मान वळवली, मग अंग. मला त्या क्षणी मिशा दिसल्या नाहीत एवढंच, बाकी दाजीसाहेब दिसले.

"लगीन झालं तवा चार वाड्यांचं दूध ह्या हातानं आणायचे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "उजव्या हातात कॅन. चार मैल. पुढं जीप आली, डायवर आला, सगळं आलं. खांदा काय वर आला न्हाई. हात रिकामा असला तरी कॅन धरल्यावानीच चालायचे. सभेत लोकं म्हणायची, सायबांना गर्व न्हाई, बघा कसे वाकून चालत्यात. गर्व चिक्कार हुता. खांदा पडलेला हुता."

मी वहीत भराभर आकृत्या काढत होतो. त्यांनी वहीत वाकून बघितलं.

"तेवढं चालणं करा बाबा. मिश्या काय, कुणालाबी लावता येत्यात. फोटो चिक्कार हायत घरात, पर सगळ्यात बसलेले न्हाईतर उभे. नऊ वरसं झाली. एकडाव चालताना बघायचंय."

मी शब्द दिला. बावीस वर्षांचा माणूस शब्द फार लगेच देतो.

सात सेकंदांच्या त्या चालीवर मी सतरा दिवस घालवले. एका सेकंदाला पंचवीस चित्रं, आणि प्रत्येक चित्रात खांदा, कंबर, गुडघा, टाच यांची जागा ठरवायची. खांदा जास्त पाडला की दाजीसाहेब प्यालेले वाटायचे आणि कमी पाडला की बँक मॅनेजर. मी गल्लीत, घरात, जिन्यात तसा चालून बघायचो. वडिलांनी एकदा विचारलं, "चेंडू लागला का कुठं?"

अठराव्या दिवशी मी तेजलला दाखवलं. तिनं ते एकदा बघितलं. मग तिनं ते पुन्हा लावलं. मग पुन्हा.

"हा कुणीतरी माणूस आहे रे," ती म्हणाली.

ती माझी प्रतिस्पर्धी होती. एका खुर्चीसाठी आम्ही दोघं होतो. हे वाक्य तिनं म्हणायची काही गरज नव्हती.

मानसिंगराव बुधवारी येणार होते, म्हणून ते मंगळवारी आले. सकाळी अकराला दोन गाड्या खाली लागल्या आणि नऊ जण जिना चढून वर आले. चेअरमन, व्हाईस चेअरमन, सहा संचालक आणि एक जण नुसताच. खोलीत खुर्च्या चार. बसायचं कुणी, यावर काही वेळ नजरानजर झाली आणि शेवटी सगळे उभे राहिले.

"दाखवा," मानसिंगराव म्हणाले.

मी पुढे होणार तेवढ्यात चौगुले सर स्वतः मशीनपाशी बसले. एवढे संचालक समोर असताना पोरांनी मशीन चालवणं त्यांना बरं दिसलं नसतं. त्यांनी माऊस पुसला आणि फाईल उघडली. उघडायची होती माझी, चालीची. उघडली तेजलची, नुसत्या बाहुल्याची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या धंद्यात माणूस घडवतात तेव्हा त्याला दोन्ही हात आडवे करून उभा करतात, खांद्याच्या रेषेत, सरळ. कारण साधं आहे. हात अंगाला चिकटलेले असले तर काखेतली कातडी आणि कपडा एक होऊन बसतो, आणि सांधे बसवता येत नाहीत. शेतातल्या बुजगावण्यासारखा तो उभा असतो. राजा असो, राक्षस असो, दात घासायच्या जाहिरातीतला ससा असो, सगळे आधी असेच उभे राहतात. ती पोज नसते. ती पोज यायच्या आधीची अवस्था असते. हँगरवरच्या शर्टाला आपण नमस्कार करत नाही.

तर पडद्यावर दाजीसाहेब तसे उभे होते. धोतर, कोट, टोपी, मिशा. पायांत काही नाही, कारण चपला व्हायच्या होत्या. नजर शून्यात. दोन्ही हात आडवे.

चौगुले सरांच्या मानेवर घाम दिसू लागला आणि ते फाईल बंद करायचं बटण शोधू लागले.

"थांबा," मानसिंगराव म्हणाले.

त्यांनी पायांतली चप्पल काढली. व्हाईस चेअरमननी ते बघितलं आणि काढली. मग सहा संचालकांनी ज्येष्ठतेनुसार काढल्या. तो नुसता आलेला माणूस बुटांत होता, त्याची फार धांदल उडाली.

"आबा," मानसिंगराव म्हणाले आणि त्यांनी वडिलांना हात जोडले. "सगळ्या तालुक्याला कवेत घ्यायला निघालेत, बघा."

"साक्षात," व्हाईस चेअरमन म्हणाले.

"दूध उत्पादकांना बोलावतायत जणू," एक संचालक म्हणाले. "या म्हणतायत. या रे सगळे."

"कल्पना कुणाची ही?" मानसिंगरावांनी विचारलं.

चौगुले सरांनी मागे बघितलं. त्यांना त्या हातांचं कारण माहीत नव्हतं, पण सूर कळला होता.

"मॉडेल मी केलंय, सर," तेजल म्हणाली. "पण ती कल्पना वगैरे नाहीये. हात असे ठेवावेच लागतात, सांधे बसवायला. सगळ्यांचेच ठेवतात. माझ्या प्रोजेक्टमध्ये रेडा होता, त्याचे पुढचे पाय पण असेच होते."

रेडा या शब्दाबरोबर खोली गार पडली. दूध संघात रेड्याला फारसा मान नसतो. मानसिंगरावांचे जोडलेले हात हळूहळू सुटले. एका संचालकानं चपलेत पाय घालायला सुरुवात केली. चौगुले सर तेजलकडे अशा नजरेनं बघत होते, की तिचा निकाल लागला हे मला दिसलं. आणि खुर्ची एकच होती, हेही मला त्याच वेळी आठवलं.

"तिचं काम मॉडेलचं आहे, साहेब," मी म्हणालो. "पोज माझी. मी आईसाहेबांना भेटून आलो मुद्दाम. साहेबांचा स्वभाव कसा होता, ते विचारलं. मग वाटलं, ज्यांनी आयुष्यभर तालुका जवळ केला, त्यांचे हात खाली कसे असतील?"

हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं याचा मी नंतर विचार केला. फार अडखळलो नव्हतो मी. चेंडू शिकायला चौदा महिने लागले, हे जन्मतःच येत असावं.

"नाव काय तुमचं?" मानसिंगराव म्हणाले.

"हर्षद लाटकर."

"वा. चौगुले, पोरगं हुशार हाय तुमचं."

"आम्हीच तयार केलाय, साहेब," चौगुले सर म्हणाले. त्यांना आता हुरूप आला होता. "आणि ही नुसती झलक झाली. चालताना बघा साहेबांना." आणि या वेळी त्यांनी बरोबर फाईल उघडली.

दाजीसाहेब चालू लागले. उजवा खांदा खाली, डावा हात लांब, पाऊल धपकन. फाटकापासून गोठ्यापर्यंत. तिथे आधी मान वळली, मग अंग. सात सेकंद. पुन्हा पहिल्यापासून.

"हे कोण?" मानसिंगरावांनी विचारलं.

चौगुले सरांनी पुन्हा माऊस पुसला.

"असं काय चालायलाय हे? खांदा पडल्यावानी? हातात कॅन असल्यागत? माझा बाप गवळी हुता काय रे?"

"विरोधक म्हणतील, साहेबांना लंगडं दाखवलं," व्हाईस चेअरमन म्हणाले.

"कुणी केलं हे?"

तेजलनं माझ्याकडे बघितलं. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की आईसाहेबांनी चालून दाखवलंय, त्यांना विचारा. एका वाक्याचं काम होतं. मानसिंगराव आईसमोर मोठ्यानं बोलत नाहीत, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि त्याच्याच शेजारी ती खुर्ची होती.

"ती नुसती चाचणी आहे, साहेब," मी म्हणालो. "मशीन चालतं का बघायला केलेली. पुसून टाकायची आहे."

"पुसा," मानसिंगराव म्हणाले. "आबा फिल्मभर हात असेच ठेवणार. खाली घ्यायचे न्हाईत."

"चालताना पण, साहेब?" चौगुले सरांनी विचारलं.

"चालायचं कशाला? येऊ देत की तसेच. सरकत."

त्याच दुपारी तेजलनं आपली पेन्सिलींची पेटी, वही आणि टेबलावरचं कॅलेंडर पिशवीत भरलं. सरांनी तिला शुभेच्छा दिल्या होत्या. मी जिन्यापर्यंत गेलो. का गेलो, कोण जाणे. असल्या वेळी माणसाला सभ्य दिसावंसं वाटतं.

"ती पोज नव्हे, हे तुला माहीत होतं ना?" तिनं विचारलं.

"होतं."

"मग ठीक. मला क्षणभर वाटलं, शिक्षण वाया गेलं तुझं."

"तू रेडा कशाला काढलास पण मध्येच?"

"खरं होतं म्हणून." ती चार पायऱ्या उतरली आणि थांबली. "माझा बाहुला नेलास त्याचं काही नाही, लाटकर. तसला मी चार दिवसांत दुसरा करीन. स्वतःची चाल पुसलीस. ती तुला परत येईल का?"

मी हसलो, कारण ती भाबडी आहे असं मला वाटलं. ती उरलेल्या पायऱ्या उतरून गेली. पुढे हैदराबादला एका स्टुडिओत लागली आणि आता तिच्या हाताखाली साठ माणसं आहेत, असं ऐकतो. ऐकतो म्हणजे, शोधून वाचतो.

सुवर्णमहोत्सव संघाच्या मैदानावर झाला. भर दुपारी पडदा दिसावा म्हणून मंडपाला चारी बाजूंनी काळं कापड लावलं होतं, त्यामुळे आत पाच हजार दूध उत्पादक शिजत होते. फिल्म सुरू झाली. फाटक उघडलं आणि दोन्ही हात आडवे केलेले दाजीसाहेब जमिनीवरून सरकत आत आले. हात फाटकापेक्षा रुंद होते, त्यामुळे ते खांबांतून आरपार गेले. गोठ्यात शिरताना डावा हात तीन म्हशींतून गेला. शीतकरण केंद्रात दोन्ही हात दोन टाक्यांतून गेले आणि पलीकडून कोरडे बाहेर आले. मी सरांना हे आधी दाखवलं होतं. सरांनी मानसिंगरावांना दाखवलं. मानसिंगराव म्हणाले होते, "दैवी शक्ती हाय ती. ऱ्हाऊ दे." शेवटी आशीर्वाद द्यायची वेळ आली, पण हात खाली घ्यायचे नव्हते. म्हणून पडद्यावरच्या मानसिंगरावांना एका स्टुलावर बसवून त्यांचं डोकं हाताखाली आणलं.

टाळ्या थांबेनात. माणसं उभी राहिली. संघाचं बँड पथक मध्येच वाजायला लागलं. एक म्हातारा रडत होता. मी त्याच्या बाजूला उभा होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. खुर्ची पक्की झाल्याचं पत्र खिशात होतं.

मानसिंगराव मला हाताला धरून पहिल्या रांगेत घेऊन गेले.

"आईसाहेब, ह्या पोरानं केलं बघा सगळं."

आईसाहेब पदर सावरून बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. पडद्याकडे बघितलं, तिथे दाजीसाहेब शेवटच्या चित्रात तसेच उभे होते. मग पुन्हा माझ्याकडे.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "पर हे चालले न्हाईत."

मानसिंगराव बाजूलाच होते. आणखी चार संचालक होते. चौगुले सर होते. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्या एकट्या उत्तराची वाट बघत होत्या.

"देवमाणसं चालत नसतात, आईसाहेब," मी म्हणालो. "ती प्रकट होतात."

"वा!" व्हाईस चेअरमन म्हणाले.

आईसाहेबांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. त्यांच्या नवऱ्याभोवती चाळीस वर्षं जी माणसं उभी असायची, त्यांच्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी सवयीनं. असल्यातला आणखी एक आला, एवढंच.

"पुढं जाल तुम्ही," त्या म्हणाल्या.

आणि मी गेलो. आज माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. चौदा तालुक्यांतले एकवीस दिवंगत नेते मी परत आणलेत. एकही चालत नाही.